कुंकू लावलेला बोल्ट

शालनचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू होतो. तिचा नवरा चंदन नऊला उठतो, तेही कुणी हाक मारली तर.

बसवनगुडीच्या मागच्या बाजूला आमचं वठार आहे. एका अंगणाभोवती पाच घरं आणि सगळ्यांत मिळून एक नळ. मी बस डेपोत फिटर होतो. आता घरी असतो, पण पहाटेची जाग काही सुटलेली नाही. त्यामुळे शालनचा दिवस सुरू होताना मी रोज पाहतो. ती पाणी भरते, डबे करते, अंगण झाडते आणि दोन बस बदलून आनेकलच्या बाजूला कपड्यांच्या कारखान्यात जाते. तिथे ती शर्टाला कॉलर लावते. कॉलरची दोन्ही टोकं सारखी आली पाहिजेत, पहिल्या शर्टाला आणि संध्याकाळच्या शेवटच्या शर्टालाही. चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. तिचं क्वचितच चुकतं, म्हणून जास्तीचं काम तिच्याच माथी येतं.

चंदनला सगळं येतं. म्हणजे सुरू करता येतं. त्याने रंगकाम सुरू केलं, मोबाइलचं दुकान सुरू केलं. एकदा गच्चीवर मधमाश्या पाळायला घेतल्या. त्या शेजारच्या गुंडूरावांना चावल्या आणि तो धंदा संपला. गुंडूरावांचं गांधीबाजारात पूजेच्या सामानाचं दुकान आहे आणि वठारातलं धर्मखातं त्यांच्याकडे आहे. त्यांनी चंदनला माफ केलं. वठारात सगळेच चंदनला माफ करतात. हसरा आहे ना.

शालनचा आधीचा कारखाना बंद पडला तेव्हा तिच्या पी.एफ.ची रक्कम हाती आली. बारा वर्षांची कमाई. चंदन म्हणाला, "गाडी असली की मी कामाला लागतो." मग जुनी पांढरी गाडी आली. लग्नकार्यात फुलं लावून भाड्याने द्यायची, आपणच चालवायची, असा बेत होता. हंगामात चार भाडी मिळतात. बाकीचे दिवस गाडी अंगणात उभी असते आणि रविवारी शालन ती पुसते. ती गाडी म्हणजे तिची बारा वर्षं आहेत, हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पुसताना दिसतं.

गेल्या दसऱ्याच्या आधी चंदनने ठरवलं की इंजिनाचं तेल घरीच बदलायचं. कल्पना वाईट नव्हती. काम सोपं आहे. खालचा बोल्ट काढून जुनं तेल जाऊ द्यायचं, फिल्टर बदलायचा, बोल्ट लावायचा, वरून नवं तेल ओतायचं. नीट हत्यारं असली तर तासाभराचं काम. चंदनने हत्यारं मागवली. लालभडक पेटी, आत खाचेखाचेत बसवलेले चकचकीत पाने. त्यात एकाच मापाचे तीन पाने होते, आणि लागणारा नव्हता.

"बघा अण्णा," तो मला म्हणाला. "आजन्म गॅरंटी."

"कुणाच्या जन्माची?"

"तुम्हाला कशाचं कौतुकच नाही."

"बोल्टचं माप घेतलंस?"

"कशाला? हा स्क्रू पाना आहे ना. फिरवला की लहानमोठा होतो. सगळ्याला बसतो."

"चप्पल घेताना असंच करतोस का? सगळ्यांच्या पायाला बसेल अशी मागतोस?"

तो हसला. त्याला टोमणा मारून उपयोग नसतो. पाण्यावर काठी मारल्यासारखं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी त्याने काम काढलं. गाडी जॅकवर चढवली आणि खाली सिमेंटचे दोन पोकळ ठोकळे लावले. असला ठोकळा दाबाखाली बिस्किटासारखा फुटतो. मी माझे लोखंडी स्टँड आणून सरकवले. चंदन गाडीखाली चेंगरला असता तर शालनला पहाटे आणखी एक काम लागलं असतं. मग मी कोहळा आणायला बाजारात गेलो. परत आलो तर गाडी खाली उतरवलेली, बॉनेट बंद आणि चंदन पंख्याखाली. काम झालं असं मी धरलं. चंदनच्या बाबतीत असं धरू नये.

झालं होतं ते असं. स्क्रू पाना दोनदा निसटला आणि बोल्टचे कोपरे झिजले. तरी बोल्ट निघाला. तेल धरायला पसरट भांडं आणलेलंच नव्हतं, म्हणून त्याने शालनचा कपडे भिजवायचा टब खाली सरकवला. फिल्टर काढायला पेटीत साखळीचा पाना होता, लॉरीच्या मापाचा. त्याने फिल्टरचा डबा चेपला, पण फिल्टर जागचा हलला नाही. चंदनची बोटं सोलली. उद्या बघू, म्हणून त्याने बोल्ट पेटीत टाकला, गाडी उतरवली आणि आत गेला. इंजिनात तेलाचा थेंब नव्हता.

सकाळी शालनला सुट्टी होती, तरी ती सव्वाचारलाच उठली. टब काळ्या तेलाने भरलेला तिला दिसला. सणाचा दिवस, म्हणून तिने तो भिंतीकडेला सरकवला. गाडीत नवं तेल गेलं असेल, असं तिनेही धरलं.

गुंडूरावांनी अंगणात पाट मांडला. खंडेनवमीला प्रत्येक घरातलं हत्यार त्या पाटावर येतं, हळदकुंकू लागतं, आणि मग दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. माझे पाने आले, शालनची दोरे कापायची कातर आली, चंदनची लाल पेटी आली. गुंडूराव उत्साही माणूस. पेटीत जे दिसलं त्याला त्यांनी कुंकू लावलं. बाजूला तेलाचा नवा डबा होता, त्यालाही शेवंतीची माळ घातली.

मग गाडीची पूजा. केळीचे खुंट बांधले, कोहळा फुटला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी पुढे नेऊन ती चिरडली की पूजा पुरी होते. वठारातले झाडून सगळे जमले होते. चुरमुरे आणि डाळं वाटतात तिथे माणसांना बोलवावं लागत नाही.

"राहुकाळ लागेल," गुंडूराव म्हणाले. "आटपा."

चंदन नवा शर्ट घालून स्टिअरिंगमागे बसला आणि मोबाइल समोर धरून स्वतःचं चित्रण करू लागला. समोरच्या वेगाच्या काट्यांवर फुलांची माळ होती. तेल नसल्याचा इशारा देणारा लाल दिवा तिच्याखाली गेला होता. शालन पाटापाशी फुलं सारखी करत होती.

"गुंडूअण्णा, हा बोल्ट कुठला?"

"चंदनच्या पेटीतला. लोखंड आहे, लावलं कुंकू."

तिने बोल्ट पाहिला. त्याला काळं तेल लागलेलं होतं. मग तिने माळ घातलेला डबा पाहिला. त्याचं झाकण सीलबंद होतं. तेवढ्यात इंजिन सुरू झालं.

मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होतो. सुक्या इंजिनाचा आवाज मला पहिल्या क्षणाला कळतो. शिळेवर पत्रा ओढल्यासारखा तो आवाज. मी हाक मारेपर्यंत शालन गाडीशी पोचली होती. तिने खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली आणि काढून घेतली.

"अगं, लिंबं!" चंदन म्हणाला.

"टबात तेल आहे. डब्यात तेल आहे. गाडीत काय आहे?"

चंदनने लोकांकडे बघितलं. "स्वल्प पुढे घेतो ना. चार हात तर जायचंय."

"बोल्ट पाटावर आहे."

"तो... राहिला. उद्या लावतो. आज पूजेतलं उचलता येत नाही ना."

शास्त्र त्याला नेमकं तेव्हा आठवलं.

गुंडूराव घड्याळ बघत होते. "पण लिंबं चिरडली पाहिजेत. अर्धवट ठेवून चालणार नाही, शालन."

"चाक फिरलं की झालं, की इंजिनही लागतं, अण्णा?"

गुंडूरावांनी थोडा विचार केला. "चाक."

"मग ढकला."

कुणी हललं नाही. चुरमुऱ्यांच्या पुड्या हातात होत्या. शालनने पदर खोचला आणि मागे जाऊन खांदा लावला. तेव्हा कुठे सुनंदा, माझी बायको, पुढे झाली. मग मी, आणि मग लाज वाटून बाकीचे. लिंबं फुटली. चंदन आत बसून स्टिअरिंग धरून होता. त्याचं चित्रण अजून चालू होतं.

दसऱ्याच्या सकाळी तो पेटी उचलायला आला. "आता लावून टाकतो. शनिवारी लग्नाचं भाडं आहे."

"तू नाही," शालन म्हणाली.

"मग कोण? नवरदेवाला काय सांगू?"

"बसने जा म्हणावं."

तिने किल्ली आपल्या डब्याच्या पिशवीत टाकली आणि सुट्टी असूनही जास्तीच्या कामाला गेली. ते भाडं बुडालं. इंजिन वाचलं की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही. तेलाशिवाय थोडंसंच फिरलं होतं, पण थोडंसंही पुरतं. ती रोज संध्याकाळी गाडीजवळून जायची आणि तिच्याकडे बघायची नाही.

पुढच्या आठवड्यात तिने अर्ध्या दिवसाची रजा काढली, पगार कापून. "अण्णा, जे.सी. रोडला गाडीचं सामान आणायला येता का?" मी गेलो. लाल पेटी तिने बरोबर घेतली होती. जुन्या सामानवाल्याने ती विकत घेतली, पण नुसत्या पेटीसाठी. पाने तिथेच बाजूला ओतून ठेवले.

सुट्या भागांच्या दुकानात तिने रुमालातून बोल्ट काढला. त्यावर कुंकू होतं. दुकानदाराने तो बोटांत फिरवून पाहिला.

"याचे कोपरे कोणी खाल्ले, अक्का?"

"घरातल्यांनी."

तिने नवा बोल्ट घेतला, त्याच आट्याचा. त्याच्या डोक्यावर घट्ट बसेल असा सतराचा रिंग पाना घेतला. सहाही कोपरे धरणारा, मोकळ्या तोंडाचा नव्हे. माझ्याकडे आहे तो, वापर, असं मी म्हटलं होतं. ती म्हणाली, "मागायचा नाही." फिल्टरच्या डोक्यावर टोपीसारखा बसणारा पाना आणि नवा फिल्टर घेतला. पसरट ट्रे घेतला आणि तांब्याचे वॉशर, कारण बोल्टखालचा वॉशर प्रत्येक वेळी नवा लागतो. दुकानदाराने चकाकणारा संच दाखवला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

रविवारी काम तिने केलं. मी स्टूल टाकून बसलो होतो. चेपलेला फिल्टर काढायला तिला वेळ लागला, हात निसटला, पण तिने तो ठोकला नाही. डबा फोडून नव्याच्या रबराला तेलाचं बोट फिरवलं. बोल्ट आधी हाताने लावला, मग पान्याने. शेवटी जरा जास्तच आवळू लागली. मी "पुरे" म्हटलं. ती थांबली. तेल ओतलं, थांबली, तेल मोजायची पट्टी पुसून माप बघितलं, पुन्हा ओतलं. चंदन तीनदा येऊन "सरी ना? ठीक आहे ना?" म्हणून गेला. टबातलं जुनं तेल तो गटारात ओतायला निघाला होता. तिने ते रिकाम्या डब्यात भरून ठेवलं, कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला द्यायला.

मग तिने किल्ली फिरवली. मी कान लावला. सुरुवातीला थोडी टकटक झाली, तेल वर पोचेपर्यंत. मग ती थांबली. आवाज स्वच्छ होता.

"चांगली आहे," मी म्हटलं.

ती बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. मग हात धुतले आणि आपले कारखान्याचे गणवेश भिजवायला गेली. टबाला तेलाचा थर होता. साबण, सोडा, काही चालेना. ती तो उलटा घालून आत गेली.

"घासला की होईल," चंदन बाहेरून म्हणाला. घासला मात्र नाही.

त्या महिन्यात तिने ओव्हरटाइम केला. पाने, ट्रे, फिल्टर, रजेचा खाडा, सगळं त्यातून भागलं. उरलेल्यातून तिने शेवटी आणला तो कपडे भिजवायचा नवा टब, निळ्या रंगाचा. तो तिने चंदनसमोर ठेवला, वर गणवेश ठेवले. आता नळाला पाणी असेपर्यंत, म्हणजे साडेसहाच्या आत, तो ते धुतो. कॉलर नीट घासत नाही. ती परत घासायला लावते.