वरून दिसलेला धुरा

माझ्या संगणकातल्या विमानाखाली यवतमाळ जिल्हा मुळात नव्हताच. सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा हा खेळ, बनवणाऱ्यांनी आमच्या वाट्याला एक हिरवा गालिचा टाकला होता आणि त्यावर कुठल्यातरी थंड देशातली उतरत्या छपरांची घरं पेरली होती. नेरवरून उडालो तरी खाली तेच. मला त्याचा संताप यायचा. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत दिवसभर मशीनपुढे उभं राहून आलेला माणूस घटकाभर उडणार, तर खाली निदान आपली जमीन तरी असावी.

म्हणून मी ती आणायला बसलो. इंटरनेटच्या नकाशांवरचे उपग्रहाचे फोटो चौकोनाचौकोनाने उतरवून घेणारा एक फुकट प्रोग्राम मिळतो. ते चौकोन फरशीसारखे एकाला एक लावून सिम्युलेटरच्या जमिनीवर अंथरले, की खाली खरे नाले, खरी गावं, खरी शेतं दिसायला लागतात. अडचण एवढीच की शेजारशेजारचे चौकोन एकाच दिवशी काढलेले नसतात. एक उन्हाळ्यातला, भुरकट. दुसरा पावसाळ्यानंतरचा, हिरवागार. मधला सांधा गोधडीच्या ठिगळासारखा डोळ्यात खुपतो. तो मिटवायचा तर दोन्हींचे रंग एकमेकांशी जुळवून घ्यावे लागतात. या छंदातली खरी हुशारी तिथे असते, आणि मी त्यात पटाईत झालो होतो. बायको म्हणायची, "घरात बसून आभाळात फिरता, अन् सिलिंडर आणाले खाली उतरत नाही." तिचं काही चुकत नव्हतं.

हे चाललं होतं त्याच पावसाळ्यात बाबांना लकवा मारला. नेरजवळच्या गावाहून त्यांना यवतमाळला आमच्या दोन खोल्यांत आणलं. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही जवळजवळ गेलं. दिवसभर भिंतीकडे पाहत पडून राहायचे. मधूनच एक शब्द उमटायचा, "वावर." शेतात न्या म्हणायचे. डॉक्टरांनी गाडीचे धक्के बसू देऊ नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे आम्ही उद्या-परवा करत राहिलो.

त्या वावराची गोष्ट सांगायला हवी. आजोबांच्या जमिनीचे दोन हिस्से झाले, एक बाबांचा, एक काकांचा. मध्ये धुरा, म्हणजे दोन शेतांमधला हातभर रुंद बांध. आमच्याकडे धुऱ्याला कुणी एकट्याने हात लावत नाही. पेरणीआधी दोन्ही भावांनी आपापल्या बाजूला उभं राहून तो साफ करायचा, एकमेकांच्या डोळ्यांदेखत. पण बाबांच्या मनात किडा शिरला होता की धाकटा भाऊ धुरा कोरतो, दरवर्षी नांगराच्या एका सरीएवढा तो आपल्या फायद्यासाठी सरकवतो. त्यावरून बोलाचाली झाली, मग बोलणंच बंद झालं. तीन पेरण्या अशाच गेल्या. लकव्याचं कळल्यावर काकांनी भेटायला येतो असा निरोप धाडला. बाबा अडखळत म्हणाले, "येऊ दे त्याले." घरात कितीतरी दिवसांनी आम्हाला हायसं वाटलं.

काका यायच्या आदल्या रविवारी दुपारी मी बाबांना खुर्चीत बसवलं, पाठीला दोन उशा लावल्या आणि संगणक सुरू केला. यवतमाळच्या धावपट्टीवरून उडालो, नेरचा रस्ता धरला, गाव आल्यावर विमान खाली आणलं. आधी त्यांना काही उमगेना. मग डावा हात हळूहळू वर आला. नाला ओळखला, विहीर ओळखली, गावाकडून येणारी पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, ओळखली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नसेल.

"थांबव," ते म्हणाले. मी विमान हवेतच थांबवलं.

त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "धुरा पाह्य. अर्ध्यातून वाकला. आपल्याकडं आला. कोरला त्यानं. मी म्हणत होतो का नाही?"

चार महिन्यांत ते पहिल्यांदा एवढं बोलले होते. मी वाकून पाहिलं. धुरा नाल्यापासून सरळ येत होता आणि शेताच्या मध्यावर आमच्या बाजूला सरकून पुढे रस्त्याकडे जात होता. आणि वर, काकांच्या शेतापलीकडे, पांदणही त्याच रेषेवर तेवढीच सरकली होती. पांदण काही कुणी कोरत नाही. तिथे दोन फोटोंचा सांधा होता. एक फोटो दुसऱ्यापेक्षा काही फूट खाली बसला होता. रंगाचा फरक राहिला असता तर बाबांनाही तो सांधा दिसला असता, पण मी दोन संध्याकाळी खर्चून तो बेमालूम मिटवला होता.

एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य बोललो नाही. बाबांचा चेहरा उजळला होता, आवाज फुटला होता, ते हिरावून घ्यायचं माझ्याने होईना, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरंच आहे. पण माझी कारागिरी फसली हे मला कबूल करायचं नव्हतं, हेही खरं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

काका बुधवारी आले, ओल्या तुरीच्या शेंगांची थैली घेऊन. अजून चप्पल काढत होते तोच बाबा आतून बोलले, "जमीन खाल्ली, आता मले पाहाले आला?"

काका दारातच थबकले. "कोणती जमीन, दादा?"

"वरून पाह्यलं मी. सॅटेलाइटनं. अर्ध्यातून पुढं तीन हात माह्याकडं आला धुरा. थे कायले खोटं बोलन?"

काकांनी सरकारी मोजणी आणा म्हटलं, लेकरांची शपथ घेतली, पण बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते फिरवलंच. मग काका माझ्याकडे वळले. "बापू, तू तं शिकलेला हायेस. तुले काय दिसलं?"

"फोटोत तसं दिसते, काका," मी म्हणालो.

शब्दाला शब्द खरा होता. त्यांनी थैली उंबऱ्याशी ठेवली आणि निघून गेले. मी एसटी स्टँडपर्यंतही त्यांच्यामागे गेलो नाही. पंधरा दिवसांत बाबा गेले. काकांनी खांदा दिला, पण तिरडीवरच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तेरवीलाही ते मांडवाच्या कडेला बसून उठून गेले.

उन्हाळ्याच्या शेवटी मी एकटाच वावरात गेलो. धुरा जागेवर नव्हता. अर्ध्यापासून पुढचा जुना धुरा काकांनी मोडला होता आणि आपल्या शेतात आत सरकून नवा घातला होता. फोटोत जेवढा आमच्याकडे सरकलेला दिसला, तेवढाच त्यांनी मागे नेला होता. कपाशीची खुटं वेचत ते पलीकडे होते. मला पाहून म्हणाले, "दादाच्या मनात होतं ना तसं. म्हून सोडलं. मेल्यावर तं त्याचा जीव निवन."

मी ढेकळांतच बसलो आणि सगळं सांगितलं. दोन फोटो कसे जोडतात, मधला सांधा कसा सरकतो, रंग कसे जुळवतात, पांदणही तिथेच कशी मोडली होती. काका खुटं हातात धरून ऐकत राहिले.

"म्हणजे मी कोरला नव्हता," ते म्हणाले. जणू त्यांनाही इतके दिवस स्वतःचीच खात्री उरली नव्हती.

"नाही, काका."

"अन् हे तुले कधी समजलं?"

इतक्यासाठीच मी आलो होतो. येताना एसटीत ते खरं उत्तर, 'त्याच दुपारी', मी मनात दहादा घोकलं होतं. काकांनी खुटं खाली टाकली आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबले.

"मागाहून," मी म्हणालो. "बाबा गेल्यावर."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि दुपट्ट्याने तोंड पुसलं. "मंग तुही काय चुकी, बापू? मी तं मनात भलतंच धरून बसलो होतो." ते वाकले आणि त्यांनी मातीने भरलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी मान खाली घातली आणि तो तिथे राहू दिला.