धवल्यामधला श्वास

विचुंबे गावातल्या परेशकडे पहिल्यांदा रेकॉर्डिंगला आलेला माणूस आधी हिरमुसतोच. स्टुडिओ म्हणून जे ऐकलेलं असतं ते म्हणजे बेडरूममधलं एक कपाट, त्याच्या उघड्या दारांवर टाकलेल्या दोन गोधड्या आणि मधे माइक. पंखा बंद. वरून विमान गेलं की सगळ्यांनी गप्प बसायचं. पण परेशचा हात साफ. भजनी बुवा असो नाहीतर निवडणुकीच्या रिक्षातून ओरडणारा असो, आवाज त्याच्या लॅपटॉपमधून धुऊन निघायचा. खरं नाव होतं ते श्वासांसाठी. गाणारा दोन ओळींमधे हवा ओढतो, तो आवाज घरच्या माइकवर फार मोठा येतो. माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला, वीतभर लांब ठेवला की निम्मं काम होतं. उरलेलं परेश नंतर बसून करायचा. शिकायला येणाऱ्यांना तो बजावून सांगे की श्वास कापायचा नाही, नुसता खाली आणायचा. कापला की गाणारा माणूस वाटत नाही.

हा नियम त्याने एकदाच मोडला, आणि तोही आईसाठी.

त्याची आई भामाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात विधीविधीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणतात, आणि आसपासच्या पाच-सहा गावांत चाळीस वर्षं ते भामाबाईने म्हटले. मांडवात ती ओळ म्हणायची आणि तिची सोबतीण कमळाबाई तीच ओळ मागून उचलायची. वही-बिही काही नाही. बावीसच्या बावीस धवले डोक्यात. मग भामाबाईला न्यूमोनिया झाला. त्यातून ती उठली, पण छाती पहिल्यासारखी झाली नाही. चार पावलं चालली की धाप लागायची. परेशच्या मुलीचं नाव पूर्वी; वय एकोणीस, गळा आजीचाच. धवले तिच्याकडे जावेत एवढी एकच इच्छा म्हातारीला उरली होती, आणि समोर बसवून शिकवण्याइतका दम आपल्यात नाही हेही तिला कळत होतं. म्हणून रेकॉर्डिंग करायचं ठरलं.

लग्न नसताना धवला तोंडातून काढायचा नाही, हा भामाबाईचा नियम. मग तिने एका नारळाला मुंडावळ्या बांधल्या, तो पाटावर मांडला आणि कपाटासमोर बसून त्याचं लग्न लावायला घेतलं. नवरदेव शेंडीवाला आहे म्हणून पूर्वीने आजीची चेष्टा केली. कमळाबाई तेव्हा गुडघ्याचं ऑपरेशन होऊन करंजाड्याला लेकीकडे पडून होती, त्यामुळे भामाबाई एकटीच गायली.

पहिल्या दिवशी परेशने तिला तिचं गाणं ऐकवलं. ऐकता ऐकता म्हातारीचा चेहरा पडला. शब्दाशब्दाला धाप होती. ही कोण मरायला टेकलेली बाई, असं तिने विचारलं आणि कानावरचे हेडफोन काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी ती कपाटासमोर बसेना. तेव्हा परेशने त्या धवल्यातला एकूण एक श्वास कापला. मधल्या फटी राहिल्या, तर ओळी एकमेकींजवळ ओढून त्याही बुजवल्या. ते ऐकून भामाबाई रडली. लग्न होऊन आली तेव्हा असा आवाज होता, म्हणाली. त्यानंतर अकरा दुपारी ती बसली आणि बावीस धवले पुरे केले. शेवटी तिने मुलाकडून शब्द घेतला की ती धाप कुणाच्या कानावर जाता कामा नये. परेशने बाकीच्यांतलेही श्वास तसेच कापले आणि मूळ फाइली तिच्यासमोर पुसल्या. त्याला बरंच वाटलं त्या दिवशी. दिवाळीनंतर भामाबाई गेली, आणि ती समाधानाने गेली.

वैशाखात परेशच्या पुतण्याचं, हृतिकचं लग्न निघालं. धवले पूर्वी म्हणणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. चार महिने हेडफोन लावून तिने अक्षरन् अक्षर पाठ केलं होतं. कमळाबाई काठी टेकत सरावाला आली. पूर्वीने सुरू केलं, तर तिसऱ्या ओळीला तिचाच दम संपला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणि कमळाबाई तर तोंडच उघडेना. परेशने लॅपटॉप लावला, भामाचाच आवाज ऐकून तरी तिला आठवेल म्हणून. कमळाबाईने पहिला धवला शेवटपर्यंत ऐकला.

"मी यात शिरू कुठं?" ती म्हणाली. "भामा श्वास घ्यायची, तवा मी उचलायची. शब्द कदी बगितलेच नाय मी. तिचा श्वास ऐकायची."

परेशने तिला सगळं सांगितलं. कापलेलं, बुजवलेलं आणि पुसलेलंही.

"तिला लाज वाटली, ती समजते मना," कमळाबाई म्हणाली. "पन पोरा, तुला तर ठाव व्हतं."

आईचं मन राखायच्या नादात आपण तिचं गाणंच बंद करून बसलो, हे परेशला त्या क्षणी कळलं.

मग तीन आठवडे रोज दुपारी तिघं बसली. रेकॉर्डिंग हळू लावायचं. कमळाबाईने पूर्वीच्या गुडघ्यावर हात ठेवून डोळे मिटायचे. जिथे भामा श्वास घेत असे तिथे तो हात गुडघा दाबे आणि परेश त्या जागी ओळ तोडून फट मोकळी करी. फटीत घालायला मात्र त्याच्याकडे काही नव्हतं. असे नऊ धवले उघडले. बाकीचे तेरा भामाबाई नवरीपाशी एकटीच म्हणत असे, त्यांत कमळाबाईचा आवाज कधी नव्हताच. तिने तेही ऐकून पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. ते तसेच परेशच्या लॅपटॉपमध्ये आहेत, अगदी स्वच्छ.

हळदीला मांडव भरला होता. पूर्वीच्या हातात माइक होता, शेजारच्या खुर्चीवर कमळाबाई. परेश स्पीकरवाल्यापाशी जाऊन उभा राहिला. पूर्वीने पहिली ओळ म्हटली आणि श्वास घेतला. तो चारही स्पीकरमधून मोठ्ठा आला. स्पीकरवाल्याचा हात सवयीने आवाज कमी करायला गेला. परेशने तो हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "मागचीला उचलायचंय."

ऐकताना क्षणभर त्याला वाटलं होतं, आईच. पण हा श्वास कोवळा होता, घाईतला, पूर्वीचा स्वतःचा. आईचा आता कुठेच नव्हता. परेशने डोळे पुसले, आणि कमळाबाईने ओळ उचलली.