मामाने सांगितलेला कौल

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या बाजारात मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते. मामेभाऊ एवढंच म्हणाला, "ताई, आबा गेले." मी "बरं" म्हटलं, जुडी खाली ठेवली आणि चालू लागले. कुठे निघाले होते देव जाणे... एसटी स्टँडवर कुणीतरी हटकलं तेव्हा कळलं, पायांत घरातल्याच सपाता होत्या. महिना झाला या गोष्टीला. अजून वाटतं, मी बाजाराच्या त्या गल्लीतून चालतेच आहे.

भिकामामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या वरच्या अंगाला आमचं आजोळ होतं. आता तिथे पाणी आहे. धरणाचं काम उरकत आलं तरी गाव हलायला तयार नव्हतं. पंचायतीतल्या सगळ्यांनी राजीनामे दिले, शाळेत पोलिसांचा तळ पडला. धरणाच्या साहेबांना कुणीतरी गावातलाच माणूस हवा होता, कागदांवर सही करणारा, नवं गावठाण आखून घेणारा. मामा सातवी शिकलेला. नकाशा उभा धरायचा की आडवा, हे कळणारा गावात तो एकटाच. साहेबांनी त्यालाच प्रमुख नेमलं. ना मतदान, ना गुलाल, नुसता एक टाइप केलेला कागद. संध्याकाळपर्यंत गावाने बारसं उरकलं, 'सरकारी सरपंच'!

माझी आई त्याच्यावर भडकली होती. "कशाला पडलास या भानगडीत? लोक तोंडात शेण घालतील."

"आक्का, पानी तर येनारच हाय," तो म्हणाला. "मंग घरं तरी कुनी नीट मांडून घ्यायची का न्हाई?"

आणि खरंच मांडून घेतली त्याने. साहेब चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटणार होते, हा हटून बसला. जुन्या गावात ज्याच्या भिंतीला ज्याची भिंत, तशीच नव्यातही. त्या दिवसांत मी डी.एड.च्या सुट्टीत आजोळी होते. मामा डोळे मिटून अंगणात बसायचा आणि मनातल्या मनात गल्लीगल्लीने हिंडायचा... चिंचेपासून सुरुवात, मग सुताराचा दरवाजा, मग विहीर... आणि मी वहीत नावं लिहायचे. मध्येच तो थांबला की मी गप्प राहायचे. वाटायचं, आता हा कुणाच्या तरी ओट्यावर चहाला टेकला असेल.

पण गाव म्हणालं, भैरोबा हलला तर आम्ही हलू. म्हणजे देवाला कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळं गाव मंडपात बसलेलं. गाभारा एवढासा, आत फक्त गुरव, मामा आणि समई धरायला मी. गुरवाने विचारलं, "देवा, आमच्यासंगं येनार का?" किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाहेर एक म्हातारी खोकली आणि थांबली... मग पाकळी पडली.

डावी.

गुरव खाली बघत राहिला. मामाने माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. तो उठला, दारात गेला आणि म्हणाला, "उजवा दिला देवानं. चला." दोन दिवसांत गाव रिकामं झालं. त्या पावसाळ्यात पाणी देवळाच्या कळसावर गेलं.

पुढची तीस-पस्तीस वर्षं काय सांगू! बोअरला पाणी लागलं नाही, सरकारी सरपंचाने आपल्याला इथे आणलं. म्हैस दगावली, सरकारी सरपंचाने आणलं. कुणाची सून नांदेना, तेही खापर याच्याच माथी. मामा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. निवडणुकीला कधी उभा राहिला नाही. नव्या देवळाच्या पायरीपर्यंत जायचा, तिथूनच हात जोडायचा, आत पाऊल टाकायचा नाही. मी चिडायचे. "अरे मामा, माणसं वाचवलीस तू!" तो म्हणायचा, "देवाच्या नावानं खोटं बोललो, सुमे. त्यास्नी फसवून आनलं." शेवटच्या भेटीत त्याने माझा हात धरला. "दहाव्याला सांग समद्यांम्होरं. जित्यापनी माझ्या तोंडून न्हाई निघायचं."

आमच्याकडे दहाव्याला नदीकाठी भाषणं होतात. आलेले पुढारी गेलेल्याला कनवाळू आणि दिलदार म्हणून मोकळे होतात, मग ते ओळखत असोत वा नसोत. तीन जण बोलल्यावर मी माइक मागून घेतला. मी सगळं सांगितलं, पाकळी, समई, तो चेहरा. वाटलं होतं, आता गलका होईल, कुणीतरी अंगावर येईल. पण समोरची म्हातारी माणसं नदीकडे बघत बसली होती.

खाली उतरले तेव्हा गुरवाची बायको, धोंडाबाई, माझ्याजवळ आली. गुरव जाऊन बरीच वर्षं झाली. ती हळूच म्हणाली, "बाय, आमच्या ह्यांनी त्याच सांजंला समद्यांला सांगितलं व्हतं. डावा आला म्हून."

"मग तुम्ही निघालात कसे?"

"मरायचं व्हतं का तितं? जायचं तर समद्यांच्याच मनात व्हतं. पन म्हनायचं कुनी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग त्याला एकदा तरी सांगायचं ना! इतकी वर्षं झुरला तो!"

ती पदराशी चाळा करत राहिली. "सांगितलं असतं, तर मंग बोल कुनाला लावला असता आमी?"

मला रडू फुटलं. मी तशीच मामाच्या घराकडे निघाले.

दिवेलागणीला मी मामाच्या खोलीत बसले होते. त्याची खाट उभी करून ठेवली होती, जमिनीवर त्याच्या नावाचा दिवा होता. धोंडाबाई आत आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. गुडघ्यावर हात देत दिव्याशी बसली आणि म्हणाली, "भिकाभाऊ, आमाला ठावं व्हतं."

शेवटी शेवटी मामाला कमी ऐकू यायचं. थोडं थांबून तिने ते पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.