मामांची पुलाखालची दुकानं

“जिची चव कधी ठाऊकच नव्हती, त्या वस्तूसाठी झुरावं लागत नाही,” मामा एकदा मला म्हणाले होते.

तेव्हा आम्ही पुलाखालच्या दुकानांत हिंडत होतो. दूरदेशांहून आलेल्या माणसांनी तिथे आपापल्याकडचा किराणा मांडला होता. मामा दातांच्या कवळ्या बनवायचे. जन्मभर लोकांच्या चावण्याची सोय केली, आणि एका लांबलेल्या तापात त्यांच्या स्वतःच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. हे फक्त मला माहीत होतं.

मामीला ते कळू द्यायचं नव्हतं. स्वयंपाक करताना मामी स्वतः कधी चाखत नसे. लग्नापासूनची रीत अशी, की थेंबभर रस्सा मामांच्या तळहातावर पडायचा आणि ते सांगतील तेवढं मीठ.

“तिचा माझ्यावर एवढाच विश्वास उरलाय,” मामा म्हणत. “बाकीचा केव्हाच उडाला.”

म्हणून ते अंदाजाने ठोकून देत. रोज ‘छान’ म्हटलं तर संशय यायचा, त्यामुळे अधूनमधून ‘किंचित मीठ’. जेवण कधी खारट, कधी आळणी. मामी मिठाच्या पुड्यावर खापर फोडायची.

घरच्या ताटात मामांना फक्त गेलेलं दिसे. पुलाखाली मात्र ते मोकळे होत. न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या बरण्या उजेडाला धरत. केसाळ कंद हातावर तोलत. वाळून काळी पडलेली लिंबं कानाशी हलवून आतल्या बिया ऐकत. काही चिवट, काही रवाळ, काही टाळूला चिकटून बसणारं. दाढेखाली अजून बरंच शिल्लक होतं. “हे काय असतं?” असं ते प्रत्येक दुकानात विचारत. उत्तर समजलं नाही तरी त्यांचं काही अडत नसे.

“या दुकानांनी तुझ्या मामांना नादी लावलंय,” मामी मला म्हणाली. “माझ्या हातचं आता गोड लागत नाही. बघू तरी कोण ही सवत.”

आणि ती आमच्याबरोबर आली.

दुकानवाल्या बाईंनी हसून मामांपुढे एक बरणी सरकवली. आत खारवलेले हिरवट तुकडे. मामांनी एक तोंडात टाकला, शांतपणे चावला.

“गोडसर आहे,” ते म्हणाले. “घेऊ या.”

मामीनेही एक उचलला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने पदराने तोंड पुसलं.

“अहो, नुसतं नाही खायचं,” बाई मोडक्या बोलीत म्हणाल्या. “कडू जहर. आधी उकळायचं, पाणी फेकायचं.”

मामा चावतच होते. मामी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने शेजारच्या बरणीतून एक फोड काढली, आधी स्वतः चाखली आणि दुसरी मामांच्या तळहातावर ठेवली.

“आणि हिला?” तिने हळूच विचारलं. “मीठ बरोबर आहे?”

मामांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने चेहऱ्यावर काहीच उमटू दिलं नाही. त्यांनी फोड तोंडात घातली. बराच वेळ चावली. मी बरण्यांकडे बघत राहिलो.

“सांगा ना,” मामी म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मामांनी हातातली टोपली खाली ठेवली, रुमालाला बोटं पुसली आणि पोत्यांमधून वाट काढत बाहेर पडले.