अंबिकाच्या हातची चूक

हे मी आईला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सहा वर्षं झाली. एकदोनदा ओठावर आलं होतं, पण मी विषय बदलला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी वैरागचा. सोलापुरात इंजिनिअरिंगला आलो तेव्हा वाटलं होतं, आता आपण काहीतरी बनवणार. पण कॉलेजात काय? वीस जणांत एक लेथ, आणि वर "लांबून बघा, हात लावू नका." प्रॅक्टिकल म्हणजे सीनिअरची जर्नल उतरवून काढायची. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून चौकोनी करून द्यायचा होता, तर मी आदल्या वर्षीच्या एका मुलाचा तयार तुकडा दिला. सगळेच देत.

खोलीवर माझी खटपट चालायची. एक इन्व्हर्टर केला, तो कधी चाललाच नाही. टाकी भरली की वाजणारा बझर केला, तो रिकाम्या टाकीलाही वाजायचा. शेवटी घरमालकीणबाईंनी वायर उपटून माझ्या हातात दिली. इतकी चिडचिड व्हायची! पुस्तकातलं सगळं कळतंय, मार्क पडतायत — मग हात का ऐकत नाहीत?

माझ्या वर्गातल्या अंबिकाचे हात ऐकायचे. त्याचा मला राग होता का? तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी साफ नाही म्हणालो असतो.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला आम्ही दोघं एका गटात होतो. तिच्या घरी तेलुगू बोलत. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला. कल्पना तिचीच. मागावर उभा धागा तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर माग तसाच चालत राहतो आणि कापड खराब होतं. धागा तुटताक्षणी माग थांबवणारा एक छोटा बोर्ड तिनं करायला घेतला. रविवारी आम्ही त्या कारखान्यात जायचो. खडखडाटात ती मागावर वाकून सेन्सर बसवायची, तिचे वडील धागा तोडून बघायचे, आणि मी वहीत नोंदी करायचो. रिपोर्ट माझा, पीपीटी माझं.

तीन महिन्यांनी एका रविवारी काकांनी धागा तोडला आणि माग खाडकन थांबला. त्यांनी पुन्हा तोडला. पुन्हा थांबला. "थांबतंय की गं!" ते ओरडले. मीही टाळ्या वाजवल्या. पण परतताना रिक्षात मी वहीत डोकं घालून बसलो.

मग परीक्षेचा दिवस आला. बाहेरचे परीक्षक येणार होते, कारखान्याचे मालकही येणार होते. इथं चाललं तर माझ्या चार मागांवर बसवू, असं ते म्हणाले होते. टेबलावर एका चौकटीत धागे ताणले होते, शेजारी मागाच्या जागी छोटी मोटर आणि वीज पुरवायचा सप्लाय. सकाळी अंबिका रिपोर्टच्या प्रती आणायला गेली. जाताना म्हणाली, "सप्लाय मी आल्यावर लावते हं. तू काही जोडू नको."

लॅबमध्ये मी एकटा.

इथंच मी दरवेळी थांबतो.

मला तो बोर्ड फक्त एकदा स्वतःच्या हातानं चालवायचा होता. एवढंच. ती यायच्या आत. बोर्ड पाच व्होल्टचा, आणि सप्लाय आधीच्या कुणीतरी चोवीसवर ठेवलेला. आकडा समोर दिसत होता, मी बघायची तसदी घेतली नाही. वायरी जोडल्या, बटण दाबलं. टक असा बारीक आवाज झाला, थोडा धूर, जळका वास.

मी वायरी काढल्या. खिडकी उघडली, पंखा लावला. सप्लाय खाली आणला. वायरी ती गुंडाळून गेली होती तशाच गुंडाळून ठेवल्या. आणि खरं सांगू? माझे हात जराही थरथरले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते इतके सफाईनं चालले.

ती आली. सप्लाय लावला. काहीच नाही. बोर्ड उलटा केला तर चिप काळी पडलेली. ती म्हणाली, "काल सोल्डरिंगचा एक टाका नव्यानं दिला होता मी. तोच शॉर्ट झाला असणार."

तेव्हा बोलता आलं असतं. नाही का? एक वाक्य. मी मल्टिमीटर आणून तिच्या हातात दिला.

परीक्षकांसमोर तिनं मान खाली घालून सांगितलं, "माझी चूक झाली, सर." आमचे सर म्हणाले, "एवढं नाजूक काम घाईत करायचं असतं का?" मी मात्र पडद्यावर सर्किट दाखवून सगळं व्यवस्थित समजावलं. मला तिच्यापेक्षा जास्त मार्क पडले. मालक घड्याळ बघत "बघू पुढं कधीतरी" म्हणाले आणि गेले. ते पुढं कधी आलंच नाही.

तिचे वडील इस्त्रीचा शर्ट घालून, पाळी बदलून घेऊन आले होते. दाराशी त्यांनी माझा हात धरला. "तुमी तरी सांगा तिला, रडू नको म्हणावं. जो हातानं काम करतो त्याचीच चूक होते की."

"हो काका," मी म्हणालो.

अंबिकानं त्यानंतर सोल्डरिंगची बंदूक हातात घेतली नाही. मुंबईच्या, यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं. ती गेली नाही. बँकेच्या परीक्षा दिल्या, आता क्लार्क आहे. वाईट चाललंय असं नाही. पण तिला जे यायचं ते मला अजून येत नाही, आणि कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायची नोकरी करतोय तो मी.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीच्या लग्नात ती भेटली. हळदीत माईक बंद पडला. कुणीतरी म्हणालं, "अंबिका, बघ ना जरा." ती पटकन मागं सरकली. "मला नको बाई, माझ्या हातानं जळतं." आणि माझ्याकडं बोट केलं, "याला द्या." मी सैल वायर पिळून बसवली. माईक चालू झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही.

जेवायला आम्ही शेजारी बसलो. तिनं आपल्या मुलीचे फोटो दाखवले, माझ्या नोकरीची चौकशी केली. तासभर बोललो आम्ही. तो बोर्ड मी जाळला, हे वाक्य त्या तासातही माझ्या तोंडून निघालं नाही.

तिचा नंबर माझ्याकडं आहे. आणि हे मी तुम्हाला सांगितलंय, तिला नाही.