याडी म्हणून खोटं सांग

"अ‍ॅप्रन काढून ठेव. तुला कशाला लागतो?"

यवतमाळातला एक खाजगी दवाखाना. मे महिना, अकरावीची सुट्टी. 'डॉक्टर व्हायचंय?' असं पोस्टर आमच्या कॉलेजात लागलं होतं. ते वाचून मी उमरखेडकडच्या आमच्या तांड्यावरून उन्हाळी शिबिराला आले. बाकीची पोरं शहरातली. कुणाचा बाप डॉक्टर, कुणाचं मेडिकलचं दुकान. पहिल्या दिवशी सगळ्यांना पांढरे अ‍ॅप्रन वाटले. मलाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांना कळलं, मला गोरबोली, आमची बंजारा बोली, येते.

"लमाणी येते हिला? मग वॉर्डात कशाला फिरवता? इथं स्टुलावर बसवा. बाई बोलेल ते मराठीत सांगायचं. बस्स."

"सर, चालती-बोलती डिक्शनरी!" एक पोरगा म्हणाला. सगळे हसले. सरही.

अ‍ॅप्रन काढला. खुंटीला टांगला.

पोरं वॉर्डात गेली, एक्स-रे बघत फिरली. मी स्टुलावर. ऐकून घेतलं, कारण शिबिराच्या शेवटी थिएटरात नेणार होते, खरं ऑपरेशन दाखवणार होते. ते मला बघायचंच होतं. मी थिएटरचं नुसतं दार पाहिलं होतं. बाहेरून. याडीला आत नेलं तेव्हा.

याडी म्हणजे आई. तो शब्द डॉक्टरांनी माझ्याकडूनच घेतला. मग तांड्यावरची कुणी बाई आली की सुरू. "याडी, झोप. याडी, श्वास घे." बाया खुलायच्या. सर पोरांकडे बघून डोळा मारायचे. "लक्षात ठेवा रे, फार कामाचा शब्द आहे."

एक दिवस एक म्हातारी आली. फेटिया-कांचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, अंगभर ओढणी. तिनं आधी माझं गोत विचारलं, मग पोटाचं दुखणं सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं आणि पडद्याबाहेर हाक मारली, "या रे सगळे! लिव्हर हाताला लागतंय. एकेकानं दाबून बघा."

पडदा सरकला. पोरं आत घुसली. म्हातारीनं ओढणी पोटावर ओढली आणि माझ्याकडे बघून आमच्या बोलीत विचारलं, हे कोण?

"सांग, सगळे डॉक्टर आहेत," सर म्हणाले. "याडी म्हण आणि सांग."

याडी म्हणून खोटं सांग!

मी बोलले. गोरबोलीत, सावकाश. याडी, हे डॉक्टर नाहीत. शिकणारी पोरं आहेत. तू हो म्हटलंस तर हात लावतील, नाही म्हटलंस तर नाही. तुझा इलाज डॉक्टरांनी करायचाच आहे.

म्हातारीनं मान हलवली. "नाई." हे कुणाला मराठीत सांगावं लागलं नाही.

"काय सांगितलंस तिला?"

"खरं ते."

"तुम्हा लोकांना संधी दिली की हे असं! ऊठ. थिएटर विसर आता."

मागून एक पोरगा कुजबुजला, "सर, मग आमचं लिव्हर?"

माझा अ‍ॅप्रन खुंटीवरच राहिला. तशीच एस्टीत बसले. रडले नाही.

घरी याडी चुलीपाशी होती. "काहून वापस आली वो?"

सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावेल. ती भाकर परतायची थांबली. तव्यावर भाकर करपली तरी तिला कळलं नाही.

"माही गाठ काढली ना, तवा भूल द्याच्या आधी लय पोरं उभी होती भोवती," ती म्हणाली. "हात लावून पाहून राह्यली होती. मले कोनं इचारलं?"

मी त्या दाराबाहेरच होते. मला वाटत होतं, आत फक्त डॉक्टर आहेत.

तेव्हापासून दर उन्हाळ्याआधी मी ज्युनियर कॉलेजांच्या फाटकावर पत्रकं वाटते. मास्तर म्हणतात, "पोरांचा उत्साह काहून मोडतं?" मोडत नाही. शिबिराला जा म्हणते. पण निवडताना अ‍ॅप्रन कुठे मिळतो, थिएटर कोण दाखवतं, हे नंतर बघा. आधी एक विचारा: पेशंटला विचारता का? तिला कळेल अशा बोलीत? उत्तर 'नाही' असं आलं तर ते शिबिर नाही. तिथं गरिबाचं अंग फुकट दाखवतात.

मी डॉक्टर होणार. कुणाच्या मेहरबानीनं नाही. अ‍ॅप्रन माझ्या अंगावर असेल, आणि समोरच्या बाईला मी आधी विचारीन. ती नाई म्हणाली, तर माझ्यामागं उभ्या असलेल्या एकाचाही हात तिला लागू देणार नाही. मग तो पोरगा कुणाचाही असो.