टाकीकाकांच्या घरची टाकी

कॅराव्हॅन घेणारी माणसं हौशी असतात. चाकांवरचं घर घ्यायचं, खिडकीला फुलाफुलांचे पडदे लावायचे, निघायचं. आत पलंग, शेगडी, बेसिन आणि कपाटाएवढा संडास. त्या संडासाखाली एक टाकी असते आणि तिच्याकडे कुणीतरी बघावं लागतं, हे या हौशी लोकांना कुणी सांगत नाही. सांगितलं तरी ते ऐकत नाहीत. मग एक दिवस टाकी तुंबते, भांड्यातलं खाली जात नाही, आणि इतके दिवस ऐटीत फिरणारी माणसं नाकाला रुमाल लावून टाकीकाकांच्या दाराशी येतात.

शहराबाहेर, मोठ्या रस्त्यालगत, अशा गाड्या उभ्या करायचा एक तळ होता. टाकीकाका तिथे सव्वीस वर्षं काम करत होते. त्यांचं खरं नाव मॅनेजरच्या रजिस्टरात असेल तर असेल. बुटके, रुंद, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि तोंड फाटकं. कामाचं कुणाला काही वाटत असेल तर वाटो, त्यांना वाटत नसे.

"साहेब, व्हॉल्व्ह उघडा ठेवला होतात ना?" ते गाडीखालून विचारायचे.

"हो. म्हटलं, आपोआप वाहून जाईल."

"पाणी गेलं वाहून. बाकीचं बसलंय तुमची वाट बघत."

नव्वद टक्के लोकांचं हेच असायचं. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी बरीचशी भरू द्यायची, मग एकदम सोडायची, म्हणजे पाण्याच्या जोरानं सगळं निघून जातं. रिकामी केली की बादलीभर पाणी परत आत ओतायचं. आणि फ्लश करताना पाण्याची कंजूषी करायची नाही. पाणी कमी पडलं की भांड्याच्या बरोबर खाली ढीग साचतो, वाळतो, आणि दगड होऊन बसतो. एवढंच शास्त्र. भिंतीवर टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे असतात, त्यांच्यावर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. ते गाडीखाली उताणे झोपून बोटाच्या पेरानं टाकी ठोकायचे. पोकळ वाजली की रिकामी, बद्द वाजली की भरलेली. टाकीवरून घरही ओळखायचे. कुठे पाहुणे येऊन गेले, कोण नको ते ओले कागदी रुमाल आत टाकतं, कोण घाबरून अर्धा रोल कागद वापरतं, सगळं. वर जाऊन तसं सुनावायचेही. लोक ओशाळायचे, आणि पुढच्या वर्षी परत तेच करायचे.

ते आणि काकू तळावरच राहायचे, अगदी टोकाच्या एका जुन्या कॅराव्हॅनमध्ये. तिचे टायर कधीच बसले होते. जागा फुकट मिळाली, कारण ती कुणालाच नको होती: मैल्याची लाइन तिथपर्यंत पोचतच नव्हती. बेसिनचं पाणी वेगळ्या टाकीत जायचं, तिचा कॉक फिरवला की ते मागच्या शोषखड्ड्यात जिरायचं, त्याचा काही त्रास नव्हता. संडासाची टाकी मात्र चाकं लावलेल्या एका डब्यात उतरवून घ्यायची, आणि तो डबा दोनशे पावलं ओढत मोठ्या चेंबरपर्यंत न्यायचा. मध्ये चढ. भरलेला डबा म्हणजे एखादा हट्टी बैल. तरुणपणी काका शीळ वाजवत न्यायचे. आता साठी उलटली होती, मणका एकदा सरकून झाला होता, आणि चढावर दोनदा थांबावं लागायचं.

त्यात मागच्या वर्षी काकू पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. बेसिनला पलंगावरून हात पोचायचा, संडास चार पावलांवर होता, तेवढं त्यांना जमायचं. बाकी सगळं काका करायचे. वेणीसुद्धा घालायला शिकले. वाकडी यायची.

"ही वेणी आहे की दोरखंड?" काकू म्हणायच्या.

"तुला कुठं कुणाला दाखवायचीय?"

लेक शहरात राहायची, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, नवरा आणि सासूबरोबर. मुलगी चांगली होती, उगाच तिला नावं ठेवायला नकोत. पण तिला दिसत होतं ते दिसत होतं. काकांची कंबर पुन्हा धरली आणि ते चार दिवस जमिनीवर आडवे पडून राहिले, तेव्हा ती आली आणि स्पष्टच बोलली.

"बाबा, तुम्हाला जमत नाहीये. आईला मी नेते. माझ्याकडे एकीची सोय होईल. दोघांची नाही होणार."

"आणि मी?"

"तुम्ही रविवारी येत जा ना."

एकेचाळीस वर्षांचा संसार. काकूंच्या ऑपरेशनचा आठवडा सोडला तर दोघं कधी एकमेकांना सोडून झोपले नव्हते. काका चिडले, बोलू नये ते बोलले. शेवटी ठरलं असं की बघू. पण पुन्हा एकदा कंबर धरली, तर आई जाणार. काकू पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या.

उन्हाळा आला. पत्र्याची गाडी दुपारी अशी तापायची की हात लावायची सोय नाही. काकूंना चक्कर यायला लागली, लघवीला जळजळ व्हायला लागली. डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "अंगात पाणी नाहीये अजिबात. दिवसाला दोन जग पाणी गेलंच पाहिजे. काका, तुमच्यावर जबाबदारी."

झालं. काकांना कुणी जबाबदारी म्हटलं की संपलं. सकाळी कामाला जाताना एक जग उशाशी, दुपारी येऊन दुसरा. संध्याकाळी परत यावं तर जग रिकामा. लेकीला फोनवर छाती फुगवून सांगायचे, "शेवटच्या थेंबापर्यंत पिते. मी आहे ना इथं."

आणि आणखी एक गोष्ट घडली, ती तर त्यांना फारच आवडली. पूर्वी चार दिवसांनी न्यावा लागणारा डबा आठ दिवसांवर गेला, मग दहा. कंबरेला आराम पडला. बेसिनची टाकी मात्र भराभर भरायची. एकदा त्यांनी विचारलंसुद्धा, "एवढं काय धुतेस गं?"

"रुमाल धुते दोन-चार. बसून बसून कंटाळा येतो."

त्यांनी मान डोलावली आणि कॉक फिरवला. साऱ्या जगाच्या टाक्या ठोकून घरातलं गुपित सांगणारा हा माणूस. स्वतःच्या घरी मात्र त्यानं एकदाही वाकून बघितलं नाही. का? तर बरं चाललं होतं. सुखाची गोष्ट कोण उकरून बघतो?

एका सकाळी काकूंनी हाक मारली. आवाज इतका लहान की आधी ऐकूच आला नाही. भांडं भरलं होतं आणि खाली जात नव्हतं. काकू वॉकर धरून उभ्या होत्या, मान खाली.

"घ्या," काका म्हणाले, "आता टाकीकाकाला बोलवायला पाहिजे. कुठं राहतो तो?"

काकू हसल्या नाहीत.

काका गाडीखाली गेले, उताणे झोपले, पेरानं ठोकायला लागले. सगळीकडे पोकळ. फक्त भांड्याच्या खाली बद्द. डबा लावून व्हॉल्व्ह उघडला, तर पेलाभर काळं पाणी आलं आणि थांबलं. त्यांना वाटलं, आपलाच गाढवपणा, व्हॉल्व्ह उघडा राहिला असणार. पण तो आत्ताच त्यांनी उघडला होता, आणि चांगला घट्ट बंद होता. गळतीही कुठे नव्हती, खालची माती कोरडी ठणठणीत. म्हणजे पाणी वाहून गेलं नव्हतं. ते आत आलंच नव्हतं.

कंजूषी, त्यांच्या मनात आलं. पायानं दाबायची फ्लशची पट्टी ही अर्धीच दाबतेय. पण नुसता फ्लश कमी केला तरी टाकी इतकी सुकत नाही. माणूस दिवसाला दोन जग पाणी पितो, ते कुठंतरी जातंच ना? दीड महिना रोज दोन जग. ते गेलं कुठे?

शेजारची टाकी त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती. बेसिनची. परवाच रिकामी केलेली. त्यांनी ती ठोकली. वरपर्यंत बद्द वाजली.

काका तिथेच पडून राहिले. मग ते बाहेर आले, हात धुतले, साबण लावून परत धुतले, आणि आत जाऊन पलंगासमोर उभे राहिले.

"पाणी बेसिनमध्ये ओतत होतीस?"

काकूंनी पांघरुणाचा कोपरा बोटाला गुंडाळला. "खिडकीतून दिसता तुम्ही," त्या म्हणाल्या. "डबा ओढताना. चढावर थांबता, कमरेवर हात ठेवता. मग मागं वळून बघता, मी बघतेय का म्हणून."

"मी पाण्याचं विचारतोय."

"प्यायलं की जावं लागतं. गेलं की डबा भरतो. तुमची कंबर धरली असती, तर मला तिकडं पाठवलं असतं ना."

"अगं, टाक्या उपसणारा माणूस मी. आख्ख्या दुनियेची घाण काढली. तुझी जड झाली असती मला?"

त्यांचा आवाज चढला होता. काकू रडायला लागल्या. काकांनी पेला भरला, त्यांच्या ओठाला लावला, संपेपर्यंत धरून ठेवला. दुसरा भरला. तिसरा. काकू मुकाट्यानं प्यायल्या आणि अपराधी चेहऱ्यानं त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या चेहऱ्याचा काकांना आणखीनच राग आला, आणि मग राग टिकेना, त्यांनाही रडू फुटलं.

दिवसभर ते टाकीमागे लागले. लोखंडी सळई घालायची नाही, टाकी फुटते, हे ते सगळ्यांना सांगायचे. स्वतःही घातली नाही. कढत नाही असं गरम पाणी भांड्यातून बादली बादली ओतलं, मुरू दिलं, पुन्हा ओतलं. गोल फिरणाऱ्या तोंडाचा पाइप वरून सोडून फवारा मारला. येणारेजाणारे थांबायचे. "काय काका, स्वतःचीच का?" एकानं विचारलं. काकांच्या तोंडून एरवी काहीतरी खमंग निघालं असतं. त्या दिवशी ते नुसतं "हो" म्हणाले.

संध्याकाळी ढीग सुटला. धडधड आवाज करत सगळं डब्यात आलं. काकांनी डबा चढावरून नेला, परत आले, दुसऱ्यांदा भरून नेला. कंबरेत कळ आली तरी थांबले नाहीत. खिडकीतून काकू बघत होत्या, आणि ते थांबणार नव्हते म्हणजे नव्हते. परत आले तेव्हा टाकी स्वच्छ पोकळ वाजत होती. आत बादलीभर पाणी सोडून ते वर गेले. "आता जा खुशाल, पाहिजे तितक्या वेळा."

"येतच नाहीये," काकू म्हणाल्या. "सकाळपासून इतकं प्यायले. काहीच होत नाहीये."

त्यांची पावलं सुजली होती. काकांनी बोटानं दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

दवाखान्यात आधी सलाइन लावलं, मग काढलं. मूत्रपिंडं बसली होती, आणि हृदय इतकं अशक्त की डायलिसिसच्या मशीनवर घ्यायचं धाडस डॉक्टर करेनात. दीड महिन्याची तहान आणि वर लघवीतला जंतू, दोन्ही मिळून आतल्या आत काम झालं होतं. पाणी शरीराबाहेर पडत नव्हतं, ते छातीत साठत होतं. म्हणून आता पाणी मोजून. दिवसाला दोन लहान पेले, एक थेंब जास्त नाही. नर्सनं ते कागदावर लिहून पलंगाला लावलं.

लेक धावत आली. आईजवळ बसली, मग बाहेरच्या बाकावर बापाजवळ. "बाबा, तुम्हाला कळलं कसं नाही? टाकी तर तुम्हीच बघत होता ना?" तिनं टोचून विचारलं नव्हतं, तिला खरंच समजत नव्हतं. उत्तर एवढंच होतं, की डबा हलका लागत होता.

चौथ्या दिवशी दुपारी काकूंचे ओठ फुटले होते. दोन्ही पेले सकाळीच संपले होते.

"पाणी द्या ना थोडं," त्या म्हणाल्या.

काका नर्सकडे गेले. "घोटभर," ते म्हणाले. "नुसतं घोटभर." नर्सनं मान हलवली. ते परत आले, कापूस ओला केला, ओठांवरून फिरवला. काकूंनी जिभेनं तो कापूस चोखायचा प्रयत्न केला. काकांनी हात मागे घेतला.

"नाही म्हणतात गं."

"बरं," काकू म्हणाल्या. "मग बसा तुम्ही. सारखं उठू नका, कंबर धरेल."

काका बसले. काकूंचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टर यायच्या आधी, काकू गेल्या. लेक घरी आवरायला गेली होती. काकांनी तिला फोन लावला. पलीकडून ती "बाबा, बाबा" करत होती.

"तहानलेली गेली गं ती," काका म्हणाले.